‘सनद आली की बघू’

वाचकाचं पत्र (थोडं कापून)

मॅडम, नमस्कार.

मी घणसोलीला राहते. तीन वर्षांच्या एलएलबीच्या शेवटच्या वर्षाला आहे. कॉलेज सकाळचं, ते आटपून साडेअकरापर्यंत ठाण्याला कोर्ट नाक्याजवळच्या एका फर्ममध्ये इंटर्न म्हणून जाते. जुलैपासून जातेय. फर्म म्हणजे सर, सरांचा मुलगा, दोन ज्युनियर आणि एक जुने क्लार्क काका. दिवाणी दावे, सोसायट्यांची कामं, चेक बाउन्स असं सगळं चालतं.

माझं काम म्हणजे झेरॉक्स, फायलींना पानांचे नंबर टाकणं, नकलेचे अर्ज, ई-फायलिंगसाठी स्कॅनिंग, नोटरीकडे फेऱ्या आणि संध्याकाळी उद्याचा बोर्ड, म्हणजे कोर्टात लागणाऱ्या प्रकरणांची यादी, बघून डायरीत उतरवणं. एवढ्या महिन्यांत एक साधी नोटीस लिहायला मिळाली नाही. क्लायंट आले की केबिनचं दार बंद होतं आणि मी बाहेर. एकदा धीर करून सरांना विचारलं, तर म्हणाले, ‘बघून बघून शिकायचं असतं. आम्ही असेच शिकलो. सनद आली की बघू.’ दोन ज्युनियरपैकी एक दादा चार वर्षं तिथेच आहेत, तेही अजून तारखाच घेतात.

डिसेंबरमध्ये सरांच्या ओळखीतली एक मुलगी नॅशनल लॉ युनिव्हर्सिटीतून चार आठवड्यांसाठी आली. तिला पहिल्याच दिवशी रिसर्च दिला, पुढच्या आठवड्यात क्लायंटसोबत कॉन्फरन्सला बसवलं. तिच्या झेरॉक्स मी काढून आणल्या. मुलगी चांगली होती, तिच्यावर राग नाही. पण त्या दिवशी ट्रेनमध्ये रडू आलं.

आमच्या घरात वकील कुणी नाही. बाबा एपीएमसीत माथाडी आहेत. फर्म सोडू का? दुसरीकडे वेगळं काही असेल का? आणि काम मागणं हा उद्धटपणा होईल का? शेवटचं विचारायला लाज वाटते, पण स्टायपेंड मिळत नाही, पासाचे पैसेही घरूनच घेते. हे बरोबर आहे का?

– एक वाचक, घणसोली

उत्तर

प्रिय मैत्रिणी,

लाज वाटते म्हणून जे शेवटी लिहिलंस, तिथूनच सुरुवात करू.

कायद्याच्या विद्यार्थ्याला इंटर्नशिपचे पैसे दिलेच पाहिजेत, असा नियम नाही. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ऑक्टोबर २०२४ मध्ये परिपत्रक काढून शहरात महिना किमान २०,००० आणि ग्रामीण भागात १५,००० रुपये द्यावेत असं म्हटलं, पण ते सनद, म्हणजे वकिलीचा परवाना, मिळालेल्या ज्युनियर वकिलांसाठी. तीही शिफारस आहे, सक्ती नाही. इंटर्नचं नाव त्यात कुठेच नाही. महाराष्ट्रात माथाडी कायदा १९६९ साली आला आणि तुझ्या बाबांच्या मजुरीचा हिशेब तेव्हापासून मंडळाच्या वहीत जातो. त्यांच्या मुलीने वकिलाच्या फायली वाहिल्या तर त्याची नोंद ठेवणारं मंडळ अजून निघालेलं नाही. बाबांना सांगून बघ, हसतील.

तरी पासाचे पैसे माग. स्टायपेंडचा विषय काढलास की सरांच्या डोळ्यांपुढे दर महिन्याचा पगार उभा राहतो आणि चेहरा बंद होतो. प्रवासखर्च क्लार्क काकांच्या किरकोळ खर्चाच्या वहीतून निघतो, त्याला सरांचा विचारसुद्धा लागत नाही. नोटरीच्या आणि नकलेच्या फेऱ्या फर्मच्या कामासाठी आहेत. रिक्षाचे, झेरॉक्सचे पैसे स्वतःच्या खिशातून घालत असशील तर उद्यापासून बंद कर. काकांकडून आधी पैसे घे, मग बाहेर पड.

आता फर्मबद्दल. ठाणे, वाशी, बेलापूर इथे ‘अँड असोसिएट्स’ अशी पाटी असलेली बहुतेक ऑफिसं ही एका सिनियरची ऑफिसं असतात. क्लायंट सरांकडे येतो, फी सरांच्या नावावर मिळते आणि खुर्ची पुढे मुलाकडे किंवा सुनेकडे जाते. यात कुणी कुणाला फसवत नसतं, रचनाच तशी आहे. फोर्ट, लोअर परळ, बीकेसीतल्या मोठ्या फर्ममध्ये असोसिएट, सिनियर असोसिएट, पार्टनर अशा पायऱ्या असतात. तिथे इंटर्नच्या कामाचं मोजमाप होतं आणि त्यातल्या काहींना नोकरीही मिळते. ती दारं ठरावीक कॉलेजांच्या मुलांना लवकर उघडतात हेही खरं. तुझ्या ऑफिसात मात्र चढायला पायऱ्याच नाहीत. तिथून तुला न्यायची आहे ती कामाची जाण आणि कोर्टातली ओळख. हे एकदा मनाशी पक्कं केलंस की ‘मला वर का घेत नाहीत’ हा त्रास निम्मा कमी होईल.

तुझ्या पत्रातलं सगळ्यात महत्त्वाचं वाक्य तू जाता जाता लिहून गेलीस. चार वर्षांचे दादा अजून तारखाच घेतात. सनद आल्यावर सर काय ‘बघणार’ आहेत, त्याचं उत्तर तुझ्याच टेबलाशेजारी बसलेलं आहे. दादांना चहाला घेऊन जा आणि सरळ विचार. पहिली उलटतपासणी कधी केलीत? स्वतःची मॅटर्स घ्यायला सर परवानगी देतात का? वकालतनाम्यावर तुमचं नाव असतं का? कधी कधी असं निघतं की दादांची स्वतःची दहा-पंधरा मॅटर्स आहेत, सरांची त्याला हरकत नाही आणि तारखा घेणं हा बसायला जागा मिळाल्याचा मोबदला आहे. तसं असेल तर ती व्यवस्था वाईट नाही. पण दादांनी नुसता कप ढवळला आणि विषय बदलला, तर तुला कळलंच.

सरांची बाजूही सांगते, कारण आता मीही त्याच बाजूला बसते. नवख्याने केलेला मसुदा दुरुस्त करायला तो स्वतः लिहिण्याहून जास्त वेळ लागतो. तारीख चुकली, मुदत हुकली तर क्लायंट इंटर्नला धरत नाही. आणि तास-तास बसून शिकवलेलं पोर महिन्याभरात दुसरीकडे जातं, तेही क्लायंटचा नंबर घेऊन. एकदा असं झालं की माणूस केबिनचं दार लावायला शिकतो. शिवाय शिकवण्याची जबाबदारी कायद्याने कुणाच्याच गळ्यात घातलेली नाही. बार कौन्सिलने १९९५ मध्ये सनदेआधी एक वर्ष सिनियरच्या हाताखाली प्रशिक्षण सक्तीचं केलं होतं. तसे नियम करायचा अधिकार कौन्सिलला नाही, म्हणून सर्वोच्च न्यायालयाने १९९९ मध्ये व्ही. सुदीर यांच्या खटल्यात ते रद्द केले. तेव्हापासून ‘आम्ही असेच शिकलो’ हाच अभ्यासक्रम आहे.

ते वाक्य अर्धंच खरं आहे. बघून शिकता येतं, पण बघायला मिळालं तर. बंद दाराकडे बघून कुणी काही शिकलेलं नाही.

तुझ्या हातातल्या कामांपैकी काही कामं सोन्याची आहेत आणि काही निव्वळ हमालीची. स्कॅनिंग दुसऱ्या आठवड्यानंतर काहीही शिकवत नाही. नोटरीची फेरीही तशीच. पण पानांचे नंबर टाकताना पानं वाचायला कुणी मनाई केली आहे का? एखाद्या जुन्या दाव्याची फाइल घे आणि रोजनामा, म्हणजे दर तारखेला कोर्टात काय झालं त्याची नोंद, पहिल्या तारखेपासून वाच. दावा कधी दाखल झाला, समन्स कधी बजावलं, कैफियत (प्रतिवादीचं लेखी उत्तर) तीस दिवसांत आली की नव्वद दिवसांपर्यंत ताणली, निशाणी ५ च्या, म्हणजे तात्पुरत्या मनाईच्या, अर्जावर काय हुकूम झाला, पुरशीस (कोर्टाला दिलेलं लेखी निवेदन) कोणी आणि का दिली, मुद्दे कधी काढले. एक दावा असा वाचलास की दिवाणी प्रक्रिया संहितेचे पाठ केलेले ऑर्डर आणि रूल एकदम जागेवर बसतात. नकलेसाठी खिडकीशी उभी असतेस तेव्हा हातात तोच हुकूम असतो. पिशवीत टाकायच्या आधी वाचून काढ.

आणि क्लार्क काकांना सोडू नकोस. दाखल करताना ऑफिस कशावर हरकत काढतं, कोर्ट फी कुठे कमी पडते, दस्तऐवजांची यादी कशी लावायची, कोणत्या टेबलावर कागद अडतो, हे त्यांच्याइतकं तुझ्या सरांनाही ठाऊक नसेल. या माणसांना कुणी विचारत नाही, म्हणून विचारलं की भरभरून सांगतात. माझा झेरॉक्सला विरोध नाही. जुलैपासून पुढे झेरॉक्सच चालू राहण्याला आहे.

तू सरांना काय विचारलंस ते पत्रात नाही, पण ओळखू शकते. ‘सर, मला शिकायचंय’ किंवा ‘सर, मला ड्राफ्टिंग द्या ना.’ असं विचारलं की समोरच्याला काम वाढल्यासारखं वाटतं. शिकवा म्हणू नकोस, एक मॅटर माग. तेही नेमकं. तुमच्याकडे चेक बाउन्सची कामं येतात, तिथून सुरू कर. त्यासाठीच्या निगोशिएबल इन्स्ट्रुमेंट्स ॲक्टच्या कलम १३८ चा सांगाडा ठरलेला आहे. चेक न वटल्याचं बँकेकडून कळल्यापासून तीस दिवसांत नोटीस गेली पाहिजे, नोटीस मिळाल्यापासून पैसे द्यायला पंधरा दिवस, त्यात दिले नाहीत तर पुढच्या एक महिन्यात तक्रार. म्हणजे एकच प्रकरण पहिल्या कागदापासून कोर्टाच्या दारापर्यंत काही महिन्यांत तुझ्या हाताखालून जातं. दिवाणी दाव्यात हे बघायला तुझं लग्न होऊन पोरं शाळेत जातील.

संध्याकाळी बोर्ड लिहून झाला, सर जरा सैल बसले की म्हण, ‘सर, पुढची एकशेअडतीसची नोटीस मी करून ठेवू? तुम्ही फक्त लाल पेन चालवा.’ हो म्हणाले तर मसुद्याच्या वर एका पानावर तारखांचा तक्ता लाव. चेकची तारीख, बँकेचा मेमो कधी आला, नोटिशीची शेवटची तारीख, तक्रारीची शेवटची तारीख. सिनियरचा विश्वास भाषेवर नंतर बसतो, आधी तारखांवर बसतो. तारखा बिनचूक आल्या की दुसरी नोटीस आपोआप तुझ्या टेबलावर येईल. सरांनी मसुदा लाल करून टाकला तर ‘सर, हे का बदललं’ म्हणून लगेच केबिनमध्ये जाऊ नकोस. दोन्ही प्रती शेजारी ठेवून कारण स्वतः शोध. न सापडलेलं एक-दोनच विचार.

नाही म्हणाले तरी हात बांधलेले नाहीत. दादा ज्या अर्जाचा मसुदा करतायत, त्याच अर्जाचा तुझा स्वतःचा मसुदा ऑफिसातच बसून कर आणि दादांचा दाखल झाला की ताडून बघ. ऑफिसातच म्हणते आहे. क्लायंटचे कागद घरी न्यायचे नाहीत, मोबाइलवर फोटो काढायचे नाहीत, ‘नमुना’ म्हणून मैत्रिणीला पाठवायचे नाहीत. भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मधलं गोपनीयतेचं बंधन वकिलाच्या कारकुनांना आणि कर्मचाऱ्यांनाही लागू आहे आणि मी इंटर्न होते ही सबब चालेल या भरवशावर राहू नकोस. स्वतःसाठी मसुदा ठेवायचाच तर नावं, पत्ते, रकमा, मालमत्तेचं वर्णन सगळं काढून ठेव.

आता ते बंद दार. त्याची किल्ली तुझ्या कॉलेजच्या अभ्यासक्रमात आहे आणि बहुतेक विद्यार्थ्यांना तिचा पत्ता नसतो. बार कौन्सिलच्या २००८ च्या कायदे-शिक्षण नियमांतले प्रात्यक्षिकाचे पेपर काढून नीट वाच. मूट कोर्ट आणि इंटर्नशिपच्या पेपरात लिहिलं आहे की विद्यार्थ्याने वकिलाच्या ऑफिसात किंवा विधी सहाय्य कार्यालयात क्लायंटशी झालेल्या दोन मुलाखती बघायच्या आणि डायरीत नोंदवायच्या. त्याला १५ गुण आहेत. वकील कागदपत्रं कशी तयार करतो आणि दावा कसा दाखल होतो हे बघण्याला आणखी १५. एक दिवाणी आणि एक फौजदारी असे दोन खटले बघून नोंदवण्याला ३०. ड्राफ्टिंगच्या पेपरात दावे-अर्जांचे १५ आणि दस्तांचे १५ मसुदे करायचे आहेत. ही जर्नलं प्रत्यक्षात कशी ‘तयार’ होतात आणि मागच्या वर्षीच्या कुणाची वही कुठे फिरते, त्यावर मी बोलत नाही.

मग सरांना असं सांग. ‘सर, कॉलेजच्या डायरीसाठी दोन क्लायंट मुलाखतींना बसणं सक्तीचं आहे. तुम्हाला योग्य वाटेल त्या दोनमध्ये मला कोपऱ्यात बसू द्या.’ यात तू कृपा मागत नाहीस, अभ्यासक्रमातलं काम सांगतेस. घटस्फोटाच्या किंवा फौजदारी मॅटरला सर नको म्हणतील, म्हणू देत, क्लायंटची परवानगीही लागतेच. तू सोसायटीच्या कमिटीची मीटिंग माग. डीम्ड कन्व्हेयन्सला, म्हणजे बिल्डर करून देत नाही तेव्हा जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायला, आलेली कमिटी म्हणजे सात जण एकाच वेळी बोलणार, त्यातले दोघे एकमेकांशी भांडणार आणि बिल्डरचा मूळ करारनामा कुणाकडेच नसणार. त्यात गुपित काही नसतं. पण त्या गोंधळातून तारखा कोणत्या, कागद कोणते आणि जिल्हा उपनिबंधकांपुढे टिकणारी गोष्ट कोणती, हे सर कसं वेगळं काढतात ते बघ. मुलाखत संपली की त्याच संध्याकाळी अर्ध्या पानात तथ्यं लिहून सरांच्या टेबलावर ठेव. पुढच्या मीटिंगला ते स्वतः हाक मारतील. नाही मारली, तरी डायरीचं पान खरं झालं.

डिसेंबरच्या मुलीबद्दल. वाईट वाटणं साहजिक आहे आणि मी ते पुसायला जाणार नाही. ओळख होती, कॉलेजचं नाव होतं, इंग्रजी होतं. या तिन्ही गोष्टी आपल्या व्यवसायात चालतात, कुणी कितीही नाकारलं तरी. पण आणखी एक कारण आहे. ती चार आठवड्यांसाठी आली होती. २००८ च्या नियमांप्रमाणे इंटर्नशिप वर्षात सलग चार आठवड्यांपेक्षा जास्त धरत नाहीत. तीन वर्षांच्या कोर्सला एकूण किमान १२ आठवडे आणि पाच वर्षांच्या कोर्सला २० आठवडे लागतात. जाणार कधी हे ठरलेलं होतं, म्हणून तिला काय द्यायचं हे सरांनी आधी ठरवलं. तू रोजची झालीस. रोजच्या माणसाचा कुणी बेत आखत नाही, त्याला फक्त हाका मारतात. कॉलेजच्या हिशेबात तुझे या वर्षाचे चार आठवडे कधीच भरले असतील. उरलेले महिने तू फर्मला भेट दिलेत आणि हे सरांच्याही लक्षात नसेल.

तिच्याकडे नसलेलं तुझ्याकडे काय आहे, तेही बघ. जिल्हा कोर्टाची भाषा मराठी आहे. पंचनामा, जबाब, सातबारा, तलाठ्याच्या हातचे जुने फेरफार हे सगळं मराठीत आहे आणि ते सरसर वाचणारे ज्युनियर कमी होत चाललेत. त्यात तू नवी मुंबईची. ठाण्यातली जमीन सातबाऱ्यावरून कळते. खाडी ओलांडली की सिडकोचा भाडेपट्टा, हस्तांतराची परवानगी, जमीन गेलेल्यांना मिळालेले साडेबारा टक्क्यांचे भूखंड, त्रिपक्षीय करार असं वेगळंच जग सुरू होतं. घणसोली गावठाणात राहणाऱ्या किती कुटुंबांचे कागद या दोन जगांच्या मध्ये अडकलेत, ते तुला शेजारी विचारून कळेल. तुमच्या फर्ममध्ये टायटल सर्चचं काम येत असेल तर त्याचा पहिला मसुदा माग, म्हणजे मालकीची साखळी सालवार मांडलेला तक्ता. कंटाळवाणं काम आहे, म्हणूनच सहज मिळेल. आणि पुढे पोट भरणारं कामही तेच आहे, कोर्टातल्या नाटकापेक्षा कितीतरी जास्त.

इंग्रजीवर काम मात्र कर. हायकोर्टात त्यावाचून गत्यंतर नाही. रोज एक निकाल वाच, पूर्ण, वरचा सारांश म्हणजे हेडनोट नव्हे.

फर्म सोडायची का? आज नको. गुढीपाडव्यापर्यंत वेळ दे. तोपर्यंत तू केलेली एक तरी नोटीस, कितीही लाल होऊन का होईना, फर्ममधून बाहेर गेलेली असली पाहिजे आणि दोन मुलाखतींना तू आत बसलेली असली पाहिजेस. दोन्ही झालं तर परीक्षेपर्यंत थांब. एकही झालं नाही तर गोड बोलून निघ. ‘सनद आली की बघू’वर आणखी एक पावसाळा काढू नकोस.

जाताना दुसऱ्या ‘फर्म’चा पत्ता शोधत बसू नकोस, रोज साक्षीपुरावा चालवणारा वकील शोध. तो कसा सापडणार? कोर्ट सगळ्यांना खुलं आहे. कॉलेज सुटल्यावर ठाण्याच्या किंवा बेलापूरच्या कोर्टात मागच्या बाकावर जाऊन बस आणि उलटतपासणी कोण चांगली घेतं ते काही दिवस बघ. अभ्यासक्रमातले दोन खटलेही त्यात होऊन जातील. मग बाररूममध्ये जाऊन सांग, ‘सर, मंगळवारची तुमची उलटतपासणी बघितली, पंचाला तुम्ही वेळेच्या मुद्द्यावर पकडलंत. तुमच्याकडे चार आठवडे येऊ का?’ वकिलाला असं कौतुक आवडतं, आणि ज्याने खरंच बघितलंय ते पोर त्याला लगेच ओळखू येतं. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणातही विचार, लोकअदालतीच्या वेळी त्यांना माणसं लागतात आणि तिथे क्लायंटपुढे दार बंद करणारं कुणी नसतं. ग्राहक आयोगात लोक स्वतःची बाजू स्वतः मांडतात, तेही एकदा बघून ये. फक्त हे मे महिन्यात करू नकोस. दिवाणी कोर्टांना उन्हाळी सुट्टी असते, रिकाम्या खुर्च्या बघून परत येशील. दरवर्षी निम्मे इंटर्न नेमके तेव्हाच येतात.

एक तंबी. दादा दुसऱ्या कोर्टात अडकले आणि ‘जा गं, फक्त तारीख घेऊन ये’ म्हणाले तरी न्यायाधीशांपुढे वकील म्हणून उभी राहू नकोस. सनदेशिवाय वकिली केल्यास ॲडव्होकेट्स ॲक्टच्या कलम ४५ मध्ये सहा महिन्यांपर्यंत कैद आहे. कोर्टात निरोप द्यायचाच झाला तर काकांना पाठव, कुणाला काय सांगायचं ते त्यांना पाठ असतं.

निकाल लागला की सनदेचा अर्ज लगेच कर, ‘आधी जरा अनुभव घेते’ म्हणत रेंगाळू नकोस. नोंदणीसाठी कायद्यात ठरलेल्या रकमेपेक्षा जास्त शुल्क घेता येणार नाही, असं सर्वोच्च न्यायालयाने ३० जुलै २०२४ ला सांगितलं. खुल्या प्रवर्गाला ती रक्कम ७५० रुपये आणि अनुसूचित जाती-जमातींना १२५ रुपये आहे. बार परीक्षेची फी वेगळी. घाईचं कारण असं की दिवाणी न्यायाधीश कनिष्ठ स्तर या परीक्षेसाठी मे २०२५ च्या निकालाने तीन वर्षांची वकिली पुन्हा आवश्यक केली आहे आणि ती बार परीक्षेआधी मिळणाऱ्या तात्पुरत्या नोंदणीच्या तारखेपासून मोजली जाते. जुलैपासून झेरॉक्समध्ये घातलेल्या महिन्यांतला एकही त्यात धरला जाणार नाही. तुला न्यायाधीश व्हायचं आहे की नाही हे पत्रात नाही, पण दार उघडं ठेवायला पैसे पडत नाहीत.

सनद घेऊन कुणाच्याही ऑफिसात, याच किंवा दुसऱ्या, ज्युनियर म्हणून जाशील तेव्हा मात्र पहिल्याच दिवशी बोलून घे. महिना काय देणार. स्वतःची मॅटर्स घ्यायला हरकत आहे का. वकालतनाम्यावर माझं नाव असेल का. हा तिसरा प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा, कारण वकालतनाम्यावरचं आणि रोजनाम्यातलं नाव हाच तुझ्या वकिलीचा पुरावा. न्यायाधीशाच्या परीक्षेला त्या तीन वर्षांसाठी किमान दहा वर्षं वकिली केलेल्या वकिलाने दिलेलं प्रमाणपत्र लागतं आणि त्यावर न्यायिक अधिकाऱ्याचा शेरा लागतो. ज्याने तुझं नाव कुठे येऊ दिलं नाही, तो ते प्रमाणपत्र कशाच्या आधारावर देणार? हे विचारणं उद्धटपणा नाही. चार वर्षांनी रडणं त्याहून फार महाग पडतं, दादांना विचार.

थांबलीस तरी आणि निघालीस तरी, या फर्मकडून एक पत्र घे. ‘हुशार, मेहनती, वक्तशीर’ असलं छापील पत्र कपाटात ठेवायच्या कामाचं. त्यात केलेली कामं यायला हवीत, म्हणजे कलम १३८ च्या नोटिसांचे मसुदे, टायटलचे तक्ते, ई-फायलिंग, बघितलेल्या मुलाखती, कोणत्या महिन्यापासून कोणत्या महिन्यापर्यंत. सर स्वतः लिहीत बसणार नाहीत. तू टाइप कर, काकांकडून लेटरहेड घे आणि संध्याकाळी बोर्ड झाल्यावर सहीला ठेव. सकाळी ठेवू नकोस, कोर्टात निघायच्या घाईत कोणतेच सर न वाचता सही करत नाहीत आणि वाचायला त्यांना वेळ नसतो.